कॅन्ससचा माळ, सायकलवर दोघं: करावा की वगळावा?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. लेक सेंट लुईसला असते. येत्या जूनमध्ये तिच्याकडे चाललोय आणि तिथून पुढे मी आणि नवरा सायकलने पश्चिमेला निघायचं म्हणतोय. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. सामान लादून पुणे-गोवा, कोकणचा सागरी रस्ता, खाली हंपीपर्यंत असं झालेलं आहे, तेव्हा पायांची काळजी नाही.

डोळ्यासमोर आहे तो ट्रान्सअमेरिका ट्रेलचा मधला तुकडा. माहीत नसणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, हा मार्ग आखला गेला. पॅसिफिकच्या बाजूच्या अस्टोरियापासून अटलांटिकच्या बाजूच्या यॉर्कटाउनपर्यंत, सुमारे ६,८०० किमी, बहुतेक सगळा कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून. पहिल्याच उन्हाळ्यात हजारो लोक त्यावर निघाले होते. आम्हाला त्यातलं कॅन्ससमधलं पिट्सबर्ग ते कोलोरॅडोतलं प्वेब्लो एवढंच करायचंय. हजार किमीच्या आसपास.

आता घरातला वाद. ज्याला विचारावं तो म्हणतो, "कॅन्सस? तिथे आहे काय? सपाट आणि रटाळ. गाडीत बसा आणि थेट डोंगर गाठा." नवऱ्यालाही ते पटायला लागलंय. मला मात्र तो माळच बघायचा आहे. जेजुरी ओलांडून मोरगाव-बारामतीकडे उतरलं की जी मोकळीक येते ती मला घाटापेक्षा जास्त आवडते.

जे जाऊन आलेत किंवा तिथे राहतात त्यांनी सांगा: दोघांनी करावा असा हा पट्टा आहे का? वारा, पाणी, मुक्काम, सगळंच लिहा.

विचिटाकर
कराच. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

घाटवेडा
मी वेगळं सांगणार. पूर्ण ट्रेल केलेला माणूस आहे मी आणि कॅन्सस हा त्यातला सगळ्यात जड भाग. चढ नाही म्हणून सोपा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चढाला उतार असतो, इथे उतारच नाही. दिवसभर एकाच लयीत पाय मारायचे, सीटवरून उठायचं निमित्त मिळत नाही, आणि जुलैत पारा ४० च्या पुढे. न्यूटनपलीकडे निकरसनहून निघालात की लार्नेडपर्यंत जवळजवळ नव्वद किमी ना दुकान ना हॉटेल. सुट्टी मोजकी असेल तर ती रॉकीजमध्ये घालवा. न्यूटनला अ‍ॅमट्रॅकची साउथवेस्ट चीफ ही रेल्वेगाडी थांबते, ती पकडून कोलोरॅडोत ला हुन्टाला उतरा. फक्त न्यूटनला ती पहाटे तीनच्या सुमाराला येते, तेवढी तयारी ठेवा.

पवनाकाठ
>> चढ नाही म्हणून सोपा

चढ नाही हेच मुळात खरं नाही. पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत आहे आणि पश्चिम टोकाचं ट्रिब्यून अकराशेच्या आसपास. म्हणजे पश्चिमेला जाताना आठशे मीटर चढणारच आहात, फक्त तो चढ सातशे किमीवर पसरलेला आहे. डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो.

वाऱ्याबद्दल लोक गोंधळतात. "पश्चिमेचा वारा असतो, म्हणून पूर्वेकडे जावं" हे वरच्या हवेचं गणित झालं. उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये जमिनीलगतचा वारा बहुतेक दक्षिणेचा असतो. पूर्वेला अटलांटिकवर हवेचा जास्त दाब, इकडे रॉकीजच्या पायथ्याशी कमी दाब, आणि मधून मेक्सिकोच्या आखाताकडची हवा वर ओढली जाते. मार्ग पूर्व-पश्चिम असल्यामुळे तो तुम्हाला आडवा लागणार, कुठल्याही दिशेला गेलात तरी.

तरी पश्चिमेला जाणं मी पसंत करेन. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. पश्चिमेला जाताना वारा डावीकडून येतो आणि तुम्हाला बाहेर, गवताकडे ढकलतो. पूर्वेला जाताना तोच वारा उजवीकडून येऊन गाड्यांच्या लेनमध्ये ढकलतो. पश्चिमेला जातानाचा धोका वेगळा: मोठा ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो. तुम्ही वाऱ्यावर रेललेले असता, त्यामुळे सायकल आपोआप ट्रककडे कलते. ट्रक पुढे गेला की वारा परत आदळतो. मागून ट्रक येताना आरशात दिसला की रेलणं आधीच कमी करायचं आणि हँडल सैल पण पक्कं धरायचं. दोघांनी हे एखाद्या मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम करून बघा.

वारा साधारण सकाळी दहा-अकराला जोर धरतो आणि सूर्य कलला की पडतो. पहाटे साडेचारला उठायची सवय असेल तर निम्मी लढाई जिंकलीत.

टिंग_टिंग
साडेचारला उठायचं असेल तर न्यूटनची तीनची गाडी फार लवकरची नाही म्हणायची :)

बोराटी
टायरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पश्चिम कॅन्सस आणि पूर्व कोलोरॅडोत सराटे आहेत. आपलेच, गोखरूचे सराटे, तेच झुडूप. जुन्या जगातून तिकडे गेलं आणि रस्त्याच्या कडेला माजलंय. तिकडे त्याला बकरीच्या डोक्याचं नाव दिलंय, दोन शिंगं असतात म्हणून.

नियम तीन. सायकल गवतावर किंवा मातीत आडवी टाकायची नाही, सिमेंटवरच टेकवायची. रस्ता सोडून तंबूकडे जाताना ढकलत न नेता उचलून न्यायची. आणि संध्याकाळी टायर हाताने फिरवून बघायचं. सराटा दिसला तर लगेच उपटू नका, पंपाजवळ, सावलीत पोचल्यावर काढा. कित्येकदा काटा भोकात बसलेला असतो तोवर हवा टिकते. जाड रबराचं अस्तर असलेले टायर घ्या, वजन वाढलं तरी चालेल. चिमटा हँडलबारच्या पिशवीत ठेवा, पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी नको.

मृद्गंध
पवनाकाठ, ट्रकचं हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आभार.
बोराटी, सराट्यांची सवय आहे. माहेर सांगोल्याचं :)
घाटवेडा, तुमचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो फार खूष झाला.

सुमेधा_डॅलस
एक प्रश्न मनात येतोय तो विचारतेच, कारण घरचे विचारणारच. आपल्यासारखे दिसणारे दोघं, एकटे, अशा गावांतून जाणं कितपत सुरक्षित? २०१७ मध्ये कॅन्ससमधल्याच ओलेथेला आपल्या एका इंजिनियरला बारमध्ये गोळी घातली होती. ते मी विसरलेले नाही.

विचिटाकर
सुमेधाताई, प्रश्न रास्त आहे. तो दिवस आम्हा इथल्या भारतीयांपैकी कुणीच विसरलेलं नाही. त्याच वेळी मध्ये पडलेल्या स्थानिक तरुणालाही गोळी लागली होती, हेही मी विसरलेलो नाही.

मी इथे मुलं वाढवली. खेड्यांत कामानिमित्त खूप फिरलो. रोखून बघणारे भेटले, उर्मट बोलणारे एक-दोघे भेटले. पण सायकलवाल्यांच्या बाबतीत या मार्गावरची गावं वेगळी आहेत. पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात त्यांच्या रस्त्यावरून सायकली जाताहेत. बहुतेक गावांत सिटी पार्कमध्ये तंबू टाकू देतात. पद्धत अशी: गावात पोचलं की पोलीस किंवा शेरीफच्या ऑफिसला फोन करून सांगायचं, आम्ही दोघं आज पार्कात आहोत. मग रात्री गस्तीची गाडी एक चक्कर मारून जाते, आणि पाण्याचे फवारे कुठे सुरू होतात तेही आधीच सांगतात. गावाच्या जलतरण तलावावर अंघोळ होते, कुठे फुकट, कुठे एखाद-दोन डॉलरमध्ये. दुपारी वाचनालयात एसी. फक्त एक: हे तलाव ऑगस्टच्या मध्यापासून बंद व्हायला लागतात. सप्टेंबरात हवा छान, सूर्यफुलं फुललेली, पण अंघोळीचे वांधे. जूनमध्ये गहू, तलाव आणि वादळं, तिन्ही मिळतील.

वादळाबद्दल गंभीरपणे वाचा. टोर्नेडोचा मुख्य काळ एप्रिल ते जून. ४ मे २००७ ला दक्षिणेकडचं ग्रीन्सबर्ग जवळजवळ सगळं भुईसपाट झालं होतं. जूनमध्ये तेवढं सहसा होत नाही, पण संध्याकाळी गारा आणि विजा येतात. फोनवर हवामानाचे इशारे चालू ठेवा. तुम्ही ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहात तिचं नाव रोज सकाळी पाठ करायचं, कारण इशारे काउंटीच्या नावाने येतात. महामार्गाच्या पुलाखाली आसरा घेऊ नका, तिथे वारा उलट जास्त जोरात घुसतो. पार्कातलं सिमेंटचं स्वच्छतागृह तंबूपेक्षा कितीतरी बरं. आणि सायरन वाजला तर शेजारचं कुठलंही दार ठोठवा. इथे तळघरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

ऑरेंजसिटी
अवांतर: आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्याने पुरी केली, तीही कॅन्ससमधूनच जाते. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली होती. ते लोक हा सगळा माळ रात्रंदिवस चालवत पार करतात. तुम्ही तर गावागावात थांबत जाणार. काही कठीण नाही बघा.

घाटवेडा
ऑरेंजसिटी, त्यांच्या मागे पाणी, जेवण आणि मेकॅनिक घेऊन गाडी असते. मृद्गंध यांच्या मागे फक्त वारा असेल, तोही आडवा.

दोन_चाकं_दोघं
उशिरा धागा पाहिला. आम्ही दोघांनी (मी आणि बायको) नेमका हाच पट्टा केलाय, याच दिशेने, गव्हाच्या हंगामात. त्यामुळे दोघांच्या अंगाने लिहितो.

माळावर पहिला धडा अंतराचा. प्रत्येक गावाच्या कडेला धान्याचं एलेव्हेटर असतं, म्हणजे धान्य साठवायचे सिमेंटचे उंच गोल मनोरे, एकाला एक चिकटलेले. ते पंधरा किमीवरून दिसतात. आपल्याला वाटतं, आलंच गाव. आणि पुढचा तासभर ते आहे तिथेच राहतं. बायकोला हे फार आवडायचं, तिला पुढे काहीतरी दिसत राहिलं की बरं वाटतं. मला त्याचा वैताग यायचा. आमचा वेगही सारखा नाही. घाटात एका वळणापलीकडे माणूस दिसेनासा होतो आणि काळजी लागते. इथे ती तीन किमी पुढे गेली तरी तिचा पिवळा झेंडा दिसत असायचा. म्हणून नियम केला: ज्याने त्याने आपल्या वेगाने चालवायचं आणि एलेव्हेटरच्या सावलीत भेटायचं. आडव्या वाऱ्यात एकामागे एक राहून काही फायदा नसतो, शेजारी शेजारी चालवायला रस्ता परवानगी देत नाही, आणि बोललेलं तर अजिबात ऐकू येत नाही. "काय?" "काय म्हणालीस?" यावरूनच आमची भांडणं व्हायची. वेगळं चालवायला लागल्यापासून थांबली. मग एलेव्हेटरपाशी भेटल्यावर दोघांकडे सांगायला काहीतरी वेगळं असायचं. तिने शेताच्या कुंपणावर पिवळ्या छातीचा मेडोलार्क गाताना पाहिलेला, मी ओढ्याच्या पुलाखाली भिंगऱ्यांची घरटी.

रश काउंटीत एका सहकारी एलेव्हेटरवर आम्ही दुपारचा अख्खा उन्हाचा वेळ काढला. गव्हाचे ट्रक रांगेत उभे. एकेक काट्यावर चढायचा, वरून एक लांब नळी खाली येऊन गव्हात घुसायची, मूठभर दाणे ओढून ऑफिसात न्यायची. तिथे ओलावा मोजतात. साडेतेरा टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. काट्यावरच्या बाईंनी आम्हाला आत बोलावून बर्फाचं पाणी दिलं आणि नमुन्यातले दाणे हातावर ठेवले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओंबी तळव्यावर चुरली, फुंकर मारून भुसा उडवला, दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. माझे सासरे बार्शीला हेच करतात, अगदी तीच मान. बायको बघतच राहिली. तिला इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी तिनेच त्यांना विचारलं, एकरी किती पडला. नंतर ती आणि ते अर्धा तास बोलत होते: पाऊस, खत, मुलगा शहरात गेला, वगैरे.

हंगामाची टोळीही बघण्यासारखी असते. कापणीवाल्यांचे गट टेक्सासकडून सुरुवात करतात आणि गहू पिकेल तसे उत्तरेला डाकोटा, मोंटानापर्यंत सरकत जातात. आपले ऊसतोड कामगार जसे बिऱ्हाड घेऊन निघतात तशी ही माणसंही कुटुंबं आणि ट्रेलर घेऊन निघालेली असतात, फक्त हाताशी कोयत्याऐवजी कोट्यवधींची कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं. रस्त्यावर ती अवजड वाहनं आली की सरळ खाली उतरून उभं राहा, रस्त्याची पूर्ण रुंदी त्यांना लागते.

घाटवेडा म्हणतात ते खरं आहे, हा भाग जड आहे. पण आम्ही दोघं आजही त्या प्रवासातलं काही आठवून बोलतो तेव्हा रॉकीज क्वचित येतात. कॅन्सस येतं.

रेवती_जोशी_कु.
दोन_चाकं_दोघं, सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली.

पवनाकाठ
गव्हाचा विषय निघाला म्हणून थोडं. तिथला हिवाळी गहू मूळचा तिथला नाही. १८७४ मध्ये रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनच्या भागातून, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची शेतकरी कुटुंबं न्यूटनच्या आसपास आली, त्यांनी 'टर्की रेड' नावाचं वाण आणलं. शरदात पेरायचा, बर्फाखाली झोपवायचा, जूनमध्ये कापायचा. या माणसांची वस्ती अजून तिथेच आहे, न्यूटनजवळ त्यांचं बेथेल कॉलेज १८८७ पासूनचं. मार्ग तिथूनच जातो, एक दिवस तिथे द्या.

गवताळ
सगळे गव्हाबद्दल बोलताय, पण ताईंनी विचारला होता तो माळ. गव्हाची शेतं म्हणजे माळ नव्हे, माळ नांगरून केलेली शेतं. मूळ उंच गवताचा माळ उत्तर अमेरिकेत चार टक्क्यांहूनही कमी उरलाय आणि त्यातला बहुतेक कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये. तो वाचला कारण तिथे मातीच्या हातभर खाली चुनखडी आणि गारगोटी आहे, नांगर चालेना. म्हणून गुरं चरायला राहिली. दर वसंतात तिथले लोक गवत पेटवतात, त्याने झाडोरा माजत नाही आणि नवं गवत कोवळं येतं.

तुमचा मार्ग युरेका ते कॅसोडे असा या टेकड्यांच्या कडेने जातो. मी सांगेन, कॅसोडेहून उत्तरेला १७७ नंबरच्या रस्त्याला लागा आणि पन्नासेक किमीवर स्ट्राँग सिटीजवळचं टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय अभयारण्य बघा. १९९६ चं आहे, बायसन (तिकडचे गवे) सोडलेत २००९ पासून. मैलच्या मैल एक झाड नाही, एक खांब नाही. जूनमध्ये गवत गुडघ्याएवढंच असेल, पुरुषभर व्हायला सप्टेंबर उजाडतो. पण फुलं जूनमध्येच जास्त. जाऊन-येऊन दोन दिवस वाढतील, वाढू द्या. ही जमीन कॉ आणि ओसेज या मूळ रहिवासी लोकांची होती. ते तिथून हलवले गेले, हे बघताना लक्षात असू द्या.

घाटवेडा
गवताळ यांच्याशी सहमत. फ्लिंट हिल्स मलाही आवडल्या. माझा आक्षेप त्यापुढच्या पश्चिमेला आहे. स्कॉट सिटीच्या आसपास गुरांचे मोठे तबेले आहेत, हजारो जनावरं एका जागी. वास पाच किमी आधी येतो आणि नंतर पाच किमी सोबत येतो.

सुमेधा_डॅलस
आणि शाकाहारी असाल तर? हा प्रश्न कुणी घेतला नाही.

दोन_चाकं_दोघं
आम्ही शाकाहारीच. लहान गावांत पेट्रोल पंपावरचं दुकान हेच किराणा, हेच हॉटेल. तिथे चीज पिझ्झा, केळी, शेंगदाण्याचं लोणी मिळतं. थोड्या मोठ्या गावात मेक्सिकन खानावळ सापडते, तिथे घेवड्याची उसळ, भात आणि तोर्तिया. घेवडा चरबीत परतलाय का हे आधी विचारा. आम्ही मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी नेली होती. पुढच्या टप्प्याचं पार्सल पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' लिहून स्वतःच्याच नावाने पाठवता येतं, महिनाभर ठेवतात. शनिवारी दुपारनंतर पोस्ट बंद, तेवढं बघून पोचा. नेस सिटीच्या पार्कात गरम मेतकूट-भात खाल्ला त्या रात्री शेजारच्या तंबूतला डच मुलगा वाडगा घेऊन दुसऱ्यांदा आला.

अण्णा_गुहागर
मी सायकलवाला नाही, वाचतोय मात्र सगळं. ते गावं रिकामी होण्याचं खरं आहे का? आमच्याकडे निम्म्या घरांना कुलपं, म्हणून विचारतो.

विचिटाकर
खरं आहे, अण्णा. पश्चिमेकडच्या कित्येक काउंट्यांत शंभर वर्षांपूर्वी आजच्याहून जास्त माणसं होती. ट्रिब्यून ज्या ग्रीली काउंटीत आहे तिथे २०२० च्या जनगणनेत १,३०० हूनही कमी माणसं, आणि क्षेत्रफळ दोन हजार चौरस किमी. शेतं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, माणूस लागेनासा झाला. त्यात खालचा ओगालाला जलसाठा उपसून उपसून उतरत चाललाय, मक्याची गोल गोल शेतं त्यावरच उभी आहेत. शाळा गेली की गाव जातं, असं इथले लोक म्हणतात. म्हणूनच सायकलवाला आला की त्यांना बोलायचं असतं. मृद्गंधताई, दिवसाच्या हिशोबात बोलण्याचा वेळ धरा. निव्वळ किलोमीटर मोजून निघालात तर कुणाशी नीट बोलणं होणार नाही.

आणि हो, ट्रिब्यूनला घड्याळ एक तास मागे करायचं. ती काउंटी माउंटन टाइममध्ये आहे. पोस्ट आणि तलावाच्या वेळा त्याप्रमाणे.

मृद्गंध
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. अख्खा धागा आम्ही दोघांनी दोनदा वाचला.

ठरलंय: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिट्सबर्गहून निघायचं, पश्चिमेला. गवताळ यांचं ऐकून स्ट्राँग सिटीचे दोन दिवस धरलेत. एकाच जोडसायकलीचा विचार होता, तो दोन_चाकं_दोघं वाचून सोडला, दोघांच्या वेगळ्या सायकली. नवऱ्याने घाटवेडांचा मान राखून एक अट घातलीय: न्यूटनला पोचेपर्यंत नको झालं तर तीनची गाडी. मी मान्य केलंय, कारण तोवर फ्लिंट हिल्स होऊन गेलेल्या असतील. आणि मला खात्री आहे की तो गाडीत बसणार नाही.

शेवटचा प्रश्न: निकरसन ते लार्नेड या नव्वद किमीत दोघांना किती पाणी धरावं?

घाटवेडा
माणशी सहा लिटर, पहाटे निघून. आणि शुभेच्छा, मनापासून. गाडीत बसला नाहीत तर इथे येऊन सांगा.

बोराटी
सहा बरोबर. त्यातलं एक लिटर वेगळ्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत. पिशवीला सराटा लागला तर सगळं एकदम जायला नको.

विचिटाकर
न्यूटनच्या आदल्या दिवशी इथे निरोप टाका. आमच्या घरापासून चाळीस किमी आहे. मी ट्रक घेऊन येतो, दोघंही सायकलींसकट घरी चला, कपडे धुवा, पोटभर वरण-भात खा, दुसऱ्या दिवशी पहाटे जिथून उचललं तिथेच परत सोडतो. एक इंचही मार्ग चुकणार नाही.